लातूर व नांदेड परिसरातील शाश्वत वाहतूक आणि घरबांधणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

'शाश्वत विकास' ही संज्ञा १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानंतर जगभर रूढ झाली. संज्ञा नवी असली तरी तिच्यामागचा प्रश्न जुनाच आहे. हाताशी असलेल्या साधनांत, स्थानिक हवामानाला मानवेल आणि गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येईल असे घर कसे बांधावे, तसेच माल आणि माणसे कमी खर्चात कशी न्यावीत, हा विचार प्रत्येक काळातील समाजाला करावा लागला आहे. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण व भांडवलाची सतत चणचण असलेल्या प्रदेशात तर तो अधिकच निकडीचा ठरला.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. लातूर हे तत्कालीन उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव) जिल्ह्यातील व्यापारी गाव होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. गोदावरीकाठचे नांदेड हे शीख धर्मीयांचे महत्त्वाचे तीर्थक्षेत्र म्हणून देशभर परिचित आहे. या दोन शहरांच्या परिसरात गेल्या सव्वाशे वर्षांत वाहतूक आणि घरबांधणी यांत जे प्रयोग झाले, त्यांचा एकत्रित विचार फारसा झालेला नाही. रेल्वेचा इतिहास एकीकडे, भूकंपाचा अभ्यास दुसरीकडे आणि नगररचना तिसरीकडे, अशी विभागणी झालेली दिसते. ही क्षेत्रे वेगळी असली तरी त्यांतील यशापयशाची कारणे बऱ्याच अंशी समान आहेत, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. बार्शी लाइट रेल्वे व लातूरची गंजगोलाई यांचे वाहतुकीच्या दृष्टीने महत्त्व अभ्यासणे.
२. माळवदाच्या पारंपरिक घरांचे गुणदोष १९९३ च्या भूकंपाच्या संदर्भात तपासणे.
३. भूकंपोत्तर पुनर्वसनातील घरबांधणी व नांदेड शहरातील रस्तेविकास यांचे मूल्यमापन करणे.
४. या अनुभवांतून शाश्वततेचे स्थानिक निकष शोधणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. बार्शी लाइट रेल्वे : हलक्या रुळांचा विचार

मुंबईहून आग्नेयेकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूरला पोहोचला, तेव्हा बार्शीची बाजारपेठ त्या मार्गापासून सुमारे ३५ किलोमीटर दूर राहिली. बालाघाटाच्या पठारावरून येणारा कापूस, गळिताची धान्ये व डाळी बैलगाड्यांनी कुर्डुवाडीपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या 'बार्शी रोड' स्थानकापर्यंत, न्याव्या लागत. मोठ्या मापाचा लोहमार्ग टाकण्याइतकी वाहतूक तेथे नव्हती आणि बैलगाड्यांवर भागेल इतकी ती कमीही नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने या पेचातून मार्ग काढला.

त्याने दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर, रुंदीचा मार्ग निवडला. अरुंद मार्ग ही काही नवी गोष्ट नव्हती. नवेपणा होता तो भाराच्या वाटणीत. रूळ किती जाड हवा, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका आसावर जास्तीत जास्त किती वजन येते यावर ते ठरते. तोपर्यंत इंजिनाच्या मोजक्या आसांवर मोठा भार पडे व केवळ त्यासाठी सगळा मार्ग मजबूत करावा लागे. कॅलथ्रॉपने इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, असे सूत्र ठरविले आणि त्याप्रमाणे अधिक आसांची इंजिने व डबे तयार करवून घेतले. त्यामुळे एका यार्डाला सुमारे ३० पौंड वजनाच्या हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेणे शक्य झाले. भारतात आणण्यापूर्वी या गाड्यांची चाचणी १८९४ मध्ये इंग्लंडमधील लीड्सजवळ न्यूले येथे जाहीररीत्या घेण्यात आली.

बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. १९०६ मध्ये पंढरपूर जोडले गेले. पूर्वेकडे हा मार्ग निजामाच्या हद्दीत शिरून १९११ मध्ये लातूरला पोहोचला, तर पश्चिमेकडे १९२७ मध्ये तो मिरजेपर्यंत गेला. दोनशे मैलांहून अधिक लांबीचा हा मार्ग एका खासगी कंपनीने चालविला व १९५४ मध्ये तो भारत सरकारने ताब्यात घेतला. अरुंद मापाचे मार्ग कसे आखावेत, याचा बार्शीचा मार्ग पुढे एक नमुना मानला गेला.

या रेल्वेने बैलगाडी हद्दपार केली नाही. गाडीवानाचा पल्ला मात्र कमी झाला. खेड्यातून लातूरच्या अडतीपर्यंत बैलगाडी आणि तेथून पुढे रेल्वे, अशी कामाची विभागणी झाली. आजच्या नगरनियोजनात लहान व मोठ्या वाहनांची सांगड घालण्यावर जो भर दिला जातो, तिचे हे प्रारंभीचे रूप होते, असे म्हणता येईल.

२. गंजगोलाई : बाजाराची वर्तुळाकार मांडणी

रेल्वे आल्यानंतर लातूरच्या व्यापारात झपाट्याने वाढ झाली. या वाढीला आकार दिला तो गंजगोलाईने. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला व मधली दुमजली वर्तुळाकार इमारत १९१७ मध्ये उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती गोल इमारत आणि तिच्यापासून निघणारे सोळा रस्ते, अशी ही रचना आहे. एकेका रस्त्यावर एकेक व्यापार स्थिरावला. सराफ लाइन, कापड लाइन अशी त्यांची नावे आजही प्रचलित आहेत. मिरची, गूळ, धान्य, चपला, दागिने यांची दुकाने परस्परांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आली.

वाहतुकीच्या दृष्टीने या रचनेचे दोन गुण सांगता येतात. पहिला, माल घेऊन येणाऱ्या गाड्यांना कोणत्याही दिशेने आत येऊन दुसऱ्या दिशेने बाहेर पडता येई. एकाच रस्त्यावर सगळी गर्दी लोटत नसे. दुसरा, खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याचे माल विकण्याचे व बाजारहाटाचे काम पायीच उरकत असे. येथेही भार वाटून देण्याचेच तत्त्व दिसते, फक्त तो रुळांऐवजी रस्त्यांवर वाटला गेला. लातूर शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे तीन लाख व २०११ मध्ये सुमारे ३ लाख ८० हजार झाली. बैलगाडी व पादचाऱ्यांच्या हिशेबाने आखलेल्या या वर्तुळावर मोटारी, दुचाकी व रिक्षांचा ताण आला. हा दोष मूळ आराखड्याच्या माथी मारता येणार नाही. ज्या वाहनांना जागा जास्त लागते व ज्यांतून माणसे कमी जातात, त्यांना त्याच वर्तुळात सामावून घेण्याचा हा परिणाम आहे.

३. माळवद : गुण आणि दोष

वाहतुकीत भाराचा विचार इतक्या बारकाईने झालेल्या या परिसरात घरांच्या बाबतीत मात्र तो भार वर्षानुवर्षे वाढत गेला. मराठवाड्यातील पारंपरिक घर हे माळवदाचे किंवा धाब्याचे घर म्हणून ओळखले जाते. काळ्या पाषाणाच्या ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती. सागवानी किंवा अन्य लाकडाचे खांब व तुळया. त्यांवर कड्या व फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असे. घराचा आकार खणांत मोजला जाई. ओसरी, चौक, देवळी, धान्यासाठी बळद किंवा पेव, माळवदावरचे पाणी काढून देणारी पन्हळ, अशी या घराची स्वतःची परिभाषाच आहे.

या घराचे गुण नाकारता येत नाहीत. दगड शिवारातला, माती गावातली, गवंडी व सुतार ओळखीचे. दोन ते चार फूट जाडीच्या भिंती आणि वरचा मातीचा थर यांमुळे उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला तरी आतील खोली थंड राही. घर पाडले तर दगड व लाकूड पुन्हा वापरता येई. ऊर्जेचा वापर, वाहतूक खर्च व टाकाऊ पदार्थ या तीनही कसोट्यांवर हे घर आजच्या अनेक 'हरित' इमारतींना मागे टाकील.

त्याचे दोष मात्र दिसण्यात येत नव्हते. भिंत बाहेरून एकसंध वाटली तरी ती प्रत्यक्षात दोन पातळ भिंतींची जोडी असे. दर्शनी बाजूचा एक थर, आतल्या बाजूचा दुसरा थर आणि मध्ये दगडगोटे व माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातले जात. दुसरा दोष छताचा. पावसाळ्यापूर्वी माळवद गळू नये म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकण्याची पद्धत होती. जुना थर काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. पिढ्यान् पिढ्या हे चालल्याने थराची जाडी एक ते अडीच फुटांपर्यंत गेली. मातीचे वजन घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरले, तर ५० सेंटिमीटर जाडीच्या थराचा भार प्रत्येक चौरस मीटरला ८०० किलो होतो. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर तो सुमारे साडेसात टन भरतो. निजणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर एका भरलेल्या मालमोटारीएवढे वजन होते आणि ते तेथे आणून ठेवले होते ते घराची निगा राखण्याच्या चांगल्या सवयीनेच.

४. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप

अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुका आटोपून गावे झोपली असताना ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. औसा तालुक्यातील किल्लारी, त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि तेरणाकाठची अनेक गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. अधिकृत नोंदीनुसार सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. अन्य अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. पुढील साडेतीन महिन्यांतच, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळ ६.७ तीव्रतेचा, म्हणजे किल्लारीहून मोठा, भूकंप झाला. दाट वस्तीच्या त्या महानगरात मृतांची संख्या सुमारे साठ होती. भूकंपाची वेळही पहाटेचीच होती. फरक होता तो प्रामुख्याने घरांच्या रचनेत.

तोवर हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित समजला जात होता. भारतीय मानकाच्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित आवृत्तीत त्याला तिसऱ्या विभागात स्थान मिळाले. साहजिकच १९९३ पूर्वी भूकंपाचा विचार करून घर बांधण्याची सूचना कोणा गवंड्याला कधी मिळाली नव्हती. हादरा बसताच भिंतीचे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, मधले दगडगोटे कोसळले आणि भिंती आत-बाहेर फुगून पडल्या. जेथे छत भिंतींवरच टेकलेले होते तेथे मातीचा सगळा भार खाली आला. चांगल्या जोडणीचे लाकडी खांब व तुळया असलेली काही घरे मात्र भिंती पडल्या तरी सांगाड्याच्या रूपाने उभी राहिली. कुडाच्या भिंती व हलके छत असलेल्या झोपड्यांतील माणसेही तुलनेने वाचली. गावातील दणकट वाडा जीवघेणा ठरला आणि गरिबाची झोपडी तरली, हा या भूकंपाचा एक विदारक धडा होता.

५. पुनर्वसनाच्या दोन वाटा

१९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्यात घरांच्या बाबतीत दोन ठळक वाटा दिसतात.

पहिली वाट स्थलांतराची. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. अनेक गावे स्वयंसेवी संस्था, उद्योगसमूह व देणगीदारांनी दत्तक घेऊन बांधली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरविण्यात आले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फूट. मृत्यूने जो भेद केला नव्हता तो पुनर्वसनाच्या नकाशाने पुन्हा कायम केला. बहुतेक गावांचा आराखडा शहरी वसाहतीसारखा, काटकोनात छेदणाऱ्या रुंद रस्त्यांचा होता. जुन्या गावठाणात भावकी, आळी, पार, मंदिर व विहीर यांभोवती जी घट्ट वस्ती होती ती विरळ झाली. गावाचा विस्तार कैक पटींनी वाढला. शेत, शाळा व शेजार यांतील अंतर वाढले आणि जे काम पायी होत होते त्याला वाहन लागू लागले. घराचा आराखडा वाहतुकीचा प्रश्न कसा निर्माण करतो, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. काँक्रीटच्या लहान घरांत उन्हाळ्याचा ताप जाणवू लागला. जनावरे, कडबा व अवजारे यांना जागा नसल्याने लोकांनी पुढे-मागे पत्र्याचे आडोसे व भिंती स्वतःच वाढविल्या. या वाढीव बांधकामात भूकंपरोधक तंत्र बहुधा नव्हते.

दुसरी वाट दुरुस्ती व मजबुतीकरणाची. कमी हानी झालेल्या गावांतील पावणेदोन लाखांहून अधिक घरांचा समावेश या भागात झाला. घरमालकाला टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य, अभियंत्याचे मार्गदर्शन आणि काम मात्र त्याने स्वतः करून घ्यावयाचे, अशी पद्धत होती. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या माध्यमातून गावोगावी स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणण्यात आले. घर बांधण्याच्या निर्णयात जिचा शब्द कधी विचारला जात नव्हता, ती स्त्री सिमेंटचे प्रमाण व पट्ट्यातील सळई तपासू लागली.

मजबुतीकरणाचे तंत्र साधे होते. त्यासाठी जुने घर पाडण्याची गरज नव्हती. भिंतीला ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरावयाचे, म्हणजे आरपार दगडाचे काम होते. खांब व तुळई यांच्या कोनात तिरके लाकडी टेकू द्यावयाचे. दाराखिडक्यांच्या वरच्या पातळीवर भिंतींना चोहोबाजूंनी बांधणारा पट्टा द्यावयाचा. माळवदावरची जादा माती उतरवून तिच्या पातळ थराखाली प्लास्टिकचा कागद अंथरावयाचा, म्हणजे गळतीही थांबते. मातीचा थर ५० वरून २० सेंटिमीटरवर आणला तर वर उल्लेखिलेल्या खोलीवरचा सुमारे साडेचार टन भार कमी होतो. याच वर्षी, १९९३ मध्ये, दगडमातीच्या बांधकामासाठी मार्गदर्शक तत्त्वे सांगणारे भारतीय मानक १३८२८ प्रसिद्ध झाले होते. त्यातील तत्त्वांना प्रत्यक्षात आणण्याची मोठी संधी या कार्यक्रमाने दिली.

असे असूनही बहुसंख्य घरमालकांनी मजबुतीकरण नाकारले. मिळालेल्या पैशांत जुन्या घराशेजारी विटा व काँक्रीटच्या छताची एक नवी खोली बांधणे त्यांनी पसंत केले. तज्ज्ञांनी याकडे अज्ञान म्हणून पाहिले तर ते अन्यायाचे होईल. ज्या दगडाखाली घरची माणसे गेली त्या दगडावर पुन्हा विश्वास ठेवणे सोपे नव्हते. काँक्रीटच्या खोलीला प्रतिष्ठाही होती. शिवाय भिंतीत दडलेल्या काँक्रीटच्या गुजाने घर सुरक्षित होते, हे डोळ्यांना दिसत नाही. नवी खोली दिसते. परिणाम असा झाला की स्वस्त, थंड व दुरुस्त करता येण्याजोगे घर सुरक्षित करण्याचे तंत्र हाती आले, तेव्हाच ते घर लोकांच्या मनातून उतरले होते. जुनी घरे तशीच राहिली व नव्या खोलीशेजारी वापरातही राहिली.

लातूरचा अनुभव अन्यत्र उपयोगी पडला. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा गुजरातने मोठ्या प्रमाणावर जागच्या जागी व घरमालकाच्या पुढाकाराने पुनर्बांधणी करण्याचे धोरण स्वीकारले. लातूर-उस्मानाबाद परिसरातील स्त्रियांनी तेथे जाऊन आपले अनुभव सांगितले. लातूरमधील दुसरी वाट कच्छमध्ये मुख्य वाट झाली, असे म्हणता येईल.

६. नांदेड : रस्त्यातील जागेची वाटणी

लातूर परिसराला बदल भूकंपाने भाग पाडला, तर नांदेडमध्ये तो एका शतकोत्सवाच्या निमित्ताने आला. गुरू गोविंदसिंगजी यांचे निर्वाण १७०८ मध्ये नांदेड येथे झाले. महाराजा रणजितसिंग यांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान, तेथे सचखंड गुरुद्वाराची उभारणी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने नांदेड एकीकडे सिकंदराबाद व दुसरीकडे मनमाडशी जोडले गेले. १९९७ मध्ये नांदेड-वाघाळा महानगरपालिका स्थापन झाली.

ऑक्टोबर २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा व्हावयाचा होता. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात मुंबई, पुणे, नागपूर व नाशिक यांच्याबरोबर नांदेडचा समावेश झाला. त्यातून पाणीपुरवठा, मलनिःसारण, घाट व रस्ते यांची कामे झाली. रस्त्यांच्या आखणीत एक महत्त्वाचा बदल करण्यात आला. मोटारींना लागेल तेवढी जागा देऊन उरेल ती पादचाऱ्यांना, ही नेहमीची रीत सोडून रुंद पदपथ, स्वतंत्र सायकलमार्ग, झाडांच्या रांगा, रिक्षांसाठी थांबे व भूमिगत वाहिन्या यांची एकत्रित योजना झाली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य द्यावे, असे म्हटले होते. नांदेडच्या रस्त्यांवर ते तत्त्व त्या काळातील मोजक्या शहरांप्रमाणे प्रत्यक्ष आखणीत उतरले. लाखो यात्रेकरू पायी चालणारे आहेत, हे येथे आधीच स्पष्ट असल्याने त्याला लोकमान्यताही मिळाली.

अशा रस्त्याचे यश मात्र आखणीवर संपत नाही. अभियानाचा निधी एकदाच येतो. पदपथावरील फरशी, झाडाचे आळे व सायकलमार्गावर उभी केलेली दुचाकी हा रोजचा विषय असतो. २०१४ मध्ये ते अभियान संपुष्टात आले. पुढची देखभाल महापालिकेच्या अंदाजपत्रकावर व नागरिकांच्या सवयींवर अवलंबून राहिली. सुमारे साडेपाच लाख लोकसंख्येच्या (२०११) या शहरात सर्वसामान्यांची खरी सार्वजनिक वाहतूक रिक्षाच करते. तिला रस्त्यावर मानाची जागा देणे हीदेखील शाश्वत वाहतुकीचीच बाब आहे.

७. जलदूत : जुन्या मार्गाचा नवा उपयोग

बार्शी लाइट रेल्वेची कथा १९५४ मध्ये संपत नाही. २००१ ते २०१० या काळात हा अरुंद मार्ग टप्प्याटप्प्याने मोठ्या मापाचा करण्यात आला. उस्मानाबाद शहर प्रथमच रेल्वेने जोडले गेले. लातूरचे स्थानक मात्र जुन्या शहरापासून दूर गेले. शहरातील जुन्या लोहमार्गाची जागा आज 'जुनी रेल्वे लाइन' याच नावाने ओळखली जाते.

२०१६ च्या उन्हाळ्यात धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला पाणी उरले नाही. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्यात आले. पहिली गाडी दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन एप्रिलमध्ये लातूरला पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांची गाडी एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा तिचा मार्ग म्हणजे बहुतांशी कॅलथ्रॉपचाच मार्ग होय. कापूस बाहेर नेण्यासाठी आखलेल्या मार्गाने शतकानंतर पाणी आत आणले. हलक्या रुळांना इतका भार पेलला नसता, हेही येथे नोंदविले पाहिजे. हलकेपणा ही एका काळाची गरज होती. योग्य ठिकाणांना जोडणारी आखणी मात्र त्याहून अधिक टिकली.

८. चर्चा

वरील उदाहरणांवरून तीन निकष पुढे येतात. पहिला भाराचा. कॅलथ्रॉपने प्रत्येक आसावरचा भार मोजला, म्हणून हलका मार्ग टिकला. माळवदावरचा भार कोणी मोजला नाही, म्हणून मजबूत दिसणारे घर कोसळले. दुसरा वाटणीचा. गंजगोलाईने गर्दी सोळा रस्त्यांवर वाटली, नांदेडने रस्त्यातील जागा वाटली. पुनर्वसनातील घरांचे क्षेत्रफळ मात्र जमिनीच्या मापाने वाटले गेले व विषमता कायम राहिली. तिसरा दुरुस्तीचा. जे तंत्र स्थानिक गवंडी, सुतार व घरातील स्त्री यांना समजते तेच पुढच्या पिढीपर्यंत जाते. काँक्रीटची खोली बांधता येते, परंतु तिच्यात पट्टा व सळई योग्य ठिकाणी आहे की नाही, हे कळण्याचे ज्ञान गावात राहिले नाही तर ती खोलीही माळवदाइतकीच फसवी ठरू शकते.

याचा अर्थ परंपरेकडे परत जावे असा नाही. माळवदाच्या घराचा गौरव करताना त्याने घेतलेले बळी विसरता येत नाहीत. त्याचबरोबर दगड व माती यांनाच दोषी ठरवून त्यांचा त्याग करणे हेही शास्त्रीय नाही. आरपार दगड नसणे व छताचा भार वाढत जाणे हे त्या घराचे मुख्य दोष होते आणि दोन्ही दूर करता येण्याजोगे होते.

निष्कर्ष :

१. लातूर-नांदेड परिसरातील शाश्वत प्रयोगांचा इतिहास किमान १८९७ पासूनचा असून तो बाहेरून आलेले तंत्र व स्थानिक गरज यांच्या मेळातून घडला आहे.
२. माळवदाचे घर हवामान व साधने यांच्या दृष्टीने शाश्वत, परंतु भूकंपाच्या दृष्टीने असुरक्षित होते. सुरक्षिततेशिवाय शाश्वतता अपुरी असते.
३. घरमालकाचा सहभाग असलेली पुनर्बांधणी तंत्रदृष्ट्या योग्य होती. लोकांची भीती व प्रतिष्ठेची कल्पना यांचा पुरेसा विचार न झाल्याने तिचा उपयोग मर्यादित राहिला.
४. वस्तीचा आराखडा व वाहतूक यांचा विचार एकत्रच करावा लागतो. विरळ गाव व दूरचे स्थानक यांची किंमत रहिवाशांना रोज मोजावी लागते.

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले सुमारे ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. मराठवाड्यातील अनेक गावांत माळवदाची जुनी घरे अद्याप वापरात आहेत. त्यांच्यावरील मातीचा थर मोजणे, भिंतीत आरपार दगड आहेत का हे पाहणे आणि माळवद बांधणाऱ्या वृद्ध गवंडी-सुतारांची परिभाषा व कौशल्य नोंदवून ठेवणे ही कामे मोठ्या निधीची नाहीत. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेसह या भागातील अभियांत्रिकी महाविद्यालये, तसेच इतिहास, भूगोल व समाजशास्त्राचे विभाग यांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ती हाती घेतल्यास पुढील धक्क्यापूर्वी बरेच काही साधता येईल. १९९३ मध्ये हे ज्ञान मोठी किंमत मोजून मिळाले आहे. ते ग्रंथालयातील अहवालांतच न राहता गवंड्याच्या हाती पोहोचणे आवश्यक आहे.